परतीचा बाण

उपग्रह सोडायचा दिवस असला की आपण सहज बोलून जातो, "आज दुपारी प्रक्षेपणाचं थेट प्रक्षेपण आहे, बघणार ना?" एकच शब्द एका वाक्यात दोनदा येतो, दोन वेगळी कामं करतो आणि ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. पहिलं प्रक्षेपण म्हणजे रॉकेट आकाशात सोडणं, दुसरं म्हणजे त्याचं चित्र घरोघरच्या पडद्यावर पोचवणं. हिंदीनं ही कामं वाटून दिली आहेत. रॉकेटचं ते प्रक्षेपण आणि दूरदर्शनचं ते प्रसारण. मराठीनं मात्र क्रिकेटच्या सामन्यापासून चांद्रयानापर्यंत सगळं एकाच शब्दावर भागवलं.

त्यात वावगं काही नाही. मूळ धातू क्षिप्, म्हणजे फेकणं. समोरच्यावर शब्द टाकला की आक्षेप, पसरलेलं सगळं एका जागी गोळा केलं की संक्षेप, दुसऱ्याच्या कामात हात घातला की हस्तक्षेप, आणि दाही दिशांना फेकलं गेलेलं मन ते विक्षिप्त. जुन्या ग्रंथात मागाहून कुणी घुसडलेला मजकूर तो प्रक्षिप्त. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अशीच भेसळ दूर सारून. इंग्रजीतल्या 'ब्रॉडकास्ट'चा मूळ अर्थही शेतातलाच आहे, मुठीनं बी फोकून पेरणं. तेव्हा रॉकेट असो वा चित्र, दोन्ही फेकायचीच.

उड्डाणांच्या नादी लागलेल्या माणसाला हळूहळू शब्दांचाही नाद लागतो. वर्षानुवर्षं बातम्या वाचताना, निवेदन ऐकताना लक्षात येतं की अंतराळाची आपली बरीचशी भाषा तीन क्रियांवर उभी आहे : फेकणं, धरणं आणि जाणं. क्षिप्, ग्रह् आणि या. प्रत्यक्ष मोहिमेतही याच तीन गोष्टी घडतात. कोणत्या काळात कोणत्या क्रियेचे शब्द वरचढ ठरले हे बघितलं, की आपण त्या रॉकेटकडे काय म्हणून बघत होतो तेही कळतं.

फेकण्यापासून सुरुवात करू. 'रॉकेट' हा शब्द युरोपात पसरला तो इटालियन 'रोकेत्ता'वरून. रोक्का म्हणजे सूत कातताना लोकर किंवा कापूस गुंडाळून ठेवायची काठी, आणि रोकेत्ता म्हणजे तिची धाकटी बहीण. काठीच्या टोकाशी फुगीर गुंडाळी, अशा दिसण्यावरून दारूच्या नळीला हे नाव मिळालं. तिकडच्यांनी आकार पाहिला, आपल्याकडच्यांनी काम पाहिलं आणि त्याच वस्तूला नाव दिलं बाण.

दिवाळीत रिकाम्या बाटलीत काडी खोचून उभा करतात तो हाच. वात पेटली की क्षणभर बाटलीच्या तोंडाशी नुसता फुरफुरतो, बाटली किंचित हलते, सगळे दोन पावलं मागे सरतात आणि मग सूं करून वर. खोक्यावर 'रॉकेट' छापलेलं असलं तरी अनेक घरांत त्याला अजून बाणच म्हणतात. हा शब्द पोरासोरांनी घडवलेला नाही, तो फौजेतून आला आहे. अठराव्या शतकातल्या मराठी कागदपत्रांत तोफा, जंबुरे, जेजाला यांच्या पंगतीत बाण येतात, ते धनुष्याचे नव्हेत. वीतभर लोखंडी नळी, तिच्यात ठासलेली दारू आणि तोल सांभाळायला बांधलेली बांबूची लांब काठी, असं ते शस्त्र होतं. त्यांची सगळ्यात मोठी कीर्ती झाली म्हैसूरच्या हैदर आणि टिपूच्या फौजांत. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर इथं एका जुन्या विहिरीत २०१८ मध्ये अशा हजाराहून जास्त नळ्या सापडल्या.

श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडलं आणि तिथले बाण इंग्लंडला वूलिचच्या शस्त्रागारात पोचले. त्यांच्यावरून विल्यम काँग्रीव्ह यानं स्वतःची रॉकेटं बेतली. ती १८०७ मध्ये कोपनहेगनवर बरसली, १८१४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या किल्ल्यावर डागली गेली आणि त्यांचा लाल उजेड थेट अमेरिकेच्या राष्ट्रगीतात जाऊन बसला. एवढा प्रवास वस्तूनं केला, पण 'बाण' हे नाव मागेच राहिलं. तिकडे ती रॉकेटच राहिली. पुढे शब्द परत इकडे आला तो इंग्रजीतून, आणि मराठीनं त्याला जुन्या नावाशी सोयरीक जुळवून दिली. बाण होताच, त्याला महाकाव्यातल्या आग्नेयास्त्राची आठवण जोडून 'अग्निबाण' झाला.

वर्तमानपत्रांत आता अग्निबाण कमी आणि रॉकेट जास्त दिसतं. पण शब्द मेला म्हणेपर्यंत तो दुसऱ्याच दारानं आत येतो. चेन्नईच्या 'अग्निकुल' कंपनीनं ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून आपलं पहिलं चाचणी उड्डाण केलं. रॉकेटचं नाव 'अग्निबाण' आणि ते ज्या खासगी तळावरून सुटलं त्या तळाचं नाव 'धनुष'. तमिळनाडूतल्या तरुण अभियंत्यांनी मराठी वाचकाच्या ओळखीचा शब्द असा ताजा करून दिला. योगायोगानं श्रीहरिकोट्याच्या तळाचं जुनं लघुरूप आहे 'शार', श्रीहरिकोटा रेंजचं. त्यातला काना काढला की उरतो शर, म्हणजे पुन्हा बाणच.

इंग्रजीही याच रणांगणावर हिंडते. 'लाँच' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी आहे 'लान्स', म्हणजे भाला. लाँच म्हणजे भालाफेक. 'मिसाइल' आणि 'मिशन' ही दोन्ही एका लॅटिन क्रियापदाची लेकरं, पाठवणं किंवा सोडणं या अर्थाची. आपल्याकडे मिशन म्हटलं की बराच काळ मिरजेचं हॉस्पिटल नाही तर पाद्र्यांची शाळा आठवायची. म्हणून असेल, मराठीनं या कामासाठी घरातला शब्द काढला, मोहीम. तो मूळचा अरबी 'मुहिम्म', म्हणजे महत्त्वाचं काम. फारसीतून येता येता त्याला लष्कराचा वास लागला. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं आणि मोहिमेवर निघायचं, ही मराठी फौजेची वहिवाट. त्यामुळे 'चांद्रयान मोहीम' असं वाचलं की श्रीहरिकोट्याच्या किनाऱ्यावर नकळत घोड्यांच्या टापा ऐकू येतात.

मोहीम म्हटल्यावर वीर आलेच. युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी पृथ्वीला फेरी मारून आला. त्या काळात रशियनांनी त्याला कॉस्मोनॉट म्हटलं, अमेरिकनांनी आपल्या माणसांना ॲस्ट्रोनॉट. दोन्हींतला 'नॉट' म्हणजे ग्रीक भाषेतला नावाडी. आपली नाव आणि त्यांचा नॉट एकाच मुळाचे. विश्वाचा नावाडी, ताऱ्यांचा नावाडी. हिंदीनं केला अंतरिक्ष यात्री. मराठीनं केला अंतराळवीर. तिघांनी एकाच माणसात तीन वेगळी माणसं पाहिली, एकानं दर्यावर्दी, दुसऱ्यानं प्रवासी आणि आपण लढवय्या.

शस्त्रांच्या या मालिकेत शोभेल असं टोपणनाव भारताच्या सर्वांत वजनदार रॉकेटला मिळालं आहे. ४३.५ मीटर उंच आणि ६४० टन वजनाच्या एलव्हीएम-३ ला सगळे 'बाहुबली' म्हणतात. नाव आलं सिनेमावरून. पण मराठी माणसाचा खरा बाहुबली श्रवणबेळगोळचा. त्याच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हे जुन्या मराठीतलं वाक्य कोरलेलं आहे. जिंकलेलं राज्य सोडून तो तपाला उभा राहिला, आणि इतका निश्चल राहिला की वेली अंगावर चढल्या. जागचा न हललेल्याचं नाव सगळ्यात जोरात उडणाऱ्याला मिळालं!

आता धरणं. ग्रह् म्हणजे पकडणं. संग्रह, आग्रह, अनुग्रह, पाणिग्रहण ही सगळी हात पुढे करणारी मंडळी. ग्रीकांनी रोज जागा बदलणाऱ्या ताऱ्यांना नाव दिलं 'प्लॅनेट', म्हणजे भटक्या. आपल्या पूर्वजांनी त्याच ज्योतींना म्हटलं ग्रह, म्हणजे धरणारे. त्यांना ते नुसते हिंडणारे वाटले नाहीत, माणसाच्या नशिबाची मानगूट धरणारे वाटले. राहूनं सूर्याला धरलं की ग्रहण, शनीनं माणसाला धरलं की साडेसाती.

उपग्रह हा शब्दही अंतराळयुगाच्या आधीचा. ज्योतिषाच्या पोथ्यांत धूम, परिवेष, गुलिक असे उपग्रह आहेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत, गणितानं मांडायचे असतात. युरोपात केप्लरनं १६११ मध्ये गुरूच्या नव्यानं सापडलेल्या चंद्रांना 'सॅटेलाइट' म्हटलं. लॅटिनमध्ये याचा अर्थ धन्याच्या मागेपुढे करणारा अंगरक्षक. तिकडचा सॅटेलाइट हुजऱ्या, इकडचा उपग्रह धाकटा ग्रह. १९ एप्रिल १९७५ रोजी 'आर्यभट' सोव्हिएत रॉकेटवरून वर गेला आणि पत्रिकेतला शब्द हवामानाच्या बातम्यांत, मग छपरावरच्या डिशच्या छत्रीत आणि शेवटी खिशातल्या फोनमध्ये येऊन राहिला. इतकं मोठं स्थलांतर फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येतं.

उपग्रह फिरतो ती कक्षा. संस्कृतात कक्षा म्हणजे कमरेभोवतीचा पट्टा, आणि ग्रहगणितात ग्रहाचा फिरायचा मार्ग. तिचा सख्खा भाऊ कक्ष म्हणजे बगल, मराठीतली काख. 'काखेत कळसा अन् गावाला वळसा' या म्हणीत कक्षेचं सगळं शास्त्र येऊन गेलं आहे, काखही आहे आणि वळसाही. चांद्रयान-३ ने तर हा वळसा मुद्दाम घेतला. १४ जुलै २०२३ च्या दुपारी ते उडालं, पृथ्वीभोवती लांबलांब फेऱ्या मारत राहिलं, १ ऑगस्टला चंद्राच्या वाटेला लागलं आणि ५ ऑगस्टला चंद्राच्या ओढीत शिरलं. तिथं इंजिन पेटवून वेग नेमका तेवढा कमी करावा लागतो. कमी केला नाही तर यान चंद्राला ओलांडून पुढे निघून जातं. केला तर चंद्र त्याला धरून ठेवतो. नवग्रहांत चंद्राला जागा आहेच, आणि 'धरणारा' हा अर्थ त्या दिवशी त्यानं शब्दशः खरा करून दाखवला.

पंचांगाच्या शब्दांपैकी सर्वांत मजेदार मंगळ. तोच मंगळागौरीत, मंगळसूत्रात, मंगलाष्टकांत शुभ, आणि तोच पत्रिकेत आला की लग्न मोडणारा 'कडक मंगळ'. इस्रोचं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचलं. त्या वेळी इंग्रजी बातम्यांत 'लाँच विंडो' हा शब्द फार ऐकू आला. पृथ्वी आणि मंगळ एकमेकांच्या सोयीच्या जागी साधारण दर २६ महिन्यांनी येतात. तेवढ्या काही आठवड्यांतच कमी इंधनात निघता येतं. म्हणून तर नासाचं 'मेव्हन' यानही त्याच नोव्हेंबरात सुटलं. या विंडोला मराठीत कुणी 'प्रक्षेपण खिडकी' लिहितं तेव्हा हसू येतं. आपल्याकडे मुहूर्त असताना खिडकी कशाला? ग्रहांच्या जागा बघून निघायची वेळ काढणं याच कामासाठी हा शब्द जन्मला आहे. लग्नाचा मुहूर्त टळला तरी संसार होतो, मंगळाचा टळला तर सव्वादोन वर्षं थांबावं लागतं.

फेकलं, धरलं, पण हे सगळं चालतं कुठं? याची नावं मराठीत चार, आणि चौघांचे स्वभाव वेगळे. आकाश, अवकाश आणि प्रकाश हे एकाच धातूचे, काश् म्हणजे चमकणं, दिसणं. आकाश सगळ्यांनाच माहीत. अवकाश मात्र भाषेगणिक रूप पालटतो. हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. मराठीत तो जागाही आहे आणि वेळही. 'गाडीला अजून अवकाश आहे' यात वेळ आहे, आणि 'उलटी मोजणी संपायचा अवकाश, की ज्वाळा दिसलीच' यात तर डोळ्याचं पातं लवेल इतकाच वेळ आहे. वेळ आणि जागा एकाच शब्दात बांधायला भौतिकशास्त्राला विसावं शतक उजाडावं लागलं, मराठी बोलणारे ते केव्हापासून करत होते.

आभाळ हे त्या मानानं जमिनीजवळचं. त्याचा संबंध अभ्राशी, म्हणजे ढगाशी. म्हणून 'आभाळ आलंय' म्हटलं की आकाश आलंय असा अर्थ होत नाही, ढग आले एवढाच होतो. श्रीहरिकोट्याला विजांचं आभाळ आलं की अवकाशात जाणाऱ्याला जमिनीवर थांबावं लागतं. चारांतल्या दोन शब्दांचं हे भांडण पावसाळ्यात अधूनमधून होतं.

आणि अंतराळ. त्याचा मूळ अर्थ मधली जागा. देवळांची रचना बघणाऱ्याला हा शब्द वेगळ्याच ठिकाणी भेटतो. सिन्नरचं गोंदेश्वर किंवा अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. सभामंडप ओलांडून गाभाऱ्याकडे जाताना एक छोटा, अरुंद, अंधारा टप्पा लागतो. स्थापत्यात त्याचं नाव अंतराळ. मागे माणसांचा गलबला, पुढे देव, आणि मध्ये चार पावलांचं अंतराळ. दक्षिणेत गाभाऱ्यावरच्या शिखराला विमान म्हणतात. उड्डाणाचे हे दोन शब्द असे शतकानुशतकं दगडात शेजारीशेजारी उभे आहेत. 'स्पेस'साठी अंतराळ निवडणाऱ्याच्या मनात देऊळ होतं की नाही कोण जाणे, पण निवड अचूक आहे. कुठल्याही यानाला अंतराळात राहायचं नसतं. ते ओलांडून पलीकडच्या कुणाकडे तरी जायचं असतं.

म्हणून तिसरी क्रिया, जाणं. धातू या. यान, प्रयाण, यात्रा सगळे त्याचेच, आणि यात्रेचं घरगुती रूप म्हणजे जत्रा. चांद्रयान आणि गावची जत्रा एका धातूची लेकरं आहेत. श्रीहरिकोट्याच्या प्रेक्षक गॅलरीत उड्डाणाच्या दिवशी पोराबाळांसकट लोटलेली गर्दी पाहिली की हे नातं पटतं. शाळेत 'यान' शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटला तो इतिहासाच्या पुस्तकात, अजिंठ्याची हीनयान लेणी आणि महायान लेणी. तिथं यान म्हणजे मुक्तीकडे नेणारं वाहन किंवा वाट. उपनिषदांत तर मृत्यूनंतरच्या दोन वाटा सांगितल्या आहेत, देवयान आणि पितृयान. देवयानानं गेलेला परत येत नाही. पितृयानाची वाट चंद्रापर्यंत जाते, आणि तिथं काही काळ राहून जीव पुन्हा पृथ्वीवर येतो. चंद्रावर जाऊन परतायची सोय असलेलं यान शब्दात तरी आपल्याकडे फार जुनं आहे.

इस्रो लिहिते 'चंद्रयान', मराठी वर्तमानपत्रं बहुधा लिहितात 'चांद्रयान'. यावर अधूनमधून वाद झडतात. चंद्राकडे जाणारं यान असा समास केला तर चंद्रयान बरोबर, चंद्राचं ते चांद्र असं विशेषण केलं तर चांद्रयान बरोबर. मराठी कानाला चांद्रमास, सौरमास यांची सवय असल्यानं काना आपसूक येतो. एक मात्र खरं, काना आला की चंद्र नुसतं जायचं ठिकाण उरत नाही, यानावर त्याची थोडी मालकी येते.

जाणाऱ्या शब्दांत पाऊल टाकणाराही एक आहे. चांद्रयान-३ च्या ज्या भागानं २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्राला पाय लावले त्याचं नाव 'विक्रम'. नाव विक्रम साराभाईंवरून दिलेलं. मराठीत विक्रम म्हणजे क्रिकेटमधला उच्चांक किंवा राजाचा पराक्रम. पण धातू आहे क्रम्, म्हणजे पाऊल टाकणं. वि-क्रम म्हणजे लांब ढांग. तीन पावलांत त्रिभुवन व्यापणाऱ्या विष्णूचं नाव म्हणूनच त्रिविक्रम. साराभाईंच्या आईवडिलांनी १९१९ मध्ये बाळाचं नाव ठेवलं, त्याचा धात्वर्थ चंद्राच्या दक्षिण भागात उमटला.

जाणं आलं की रस्ता आला. इंग्रजीतला 'ऑर्बिट' लॅटिनच्या ज्या शब्दावरून आला त्याचा अर्थ गाडीच्या चाकानं रस्त्यात पाडलेला चर. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, चाकोरी. आपण चाकोरीबाहेरचा विचार करणाऱ्याचं कौतुक करतो, पण उपग्रहाचं सगळं आयुष्य चाकोरीत राहण्यावर अवलंबून असतं. चाकोरी सुटली की संपलाच.

रस्त्याचा दुसरा शब्द टप्पा. रॉकेट तीन टप्प्यांचं, चार टप्प्यांचं असं आपण म्हणतो. टप्पा म्हणजे एसटीच्या भाड्याचा सहा किलोमीटरचा हिशेब, चेंडूची जमिनीवरची उसळी, बंदुकीच्या माऱ्याचं अंतर आणि उंटवाल्यांच्या गाण्यातून आलेला गायनप्रकारही. जुन्या काळी टपालाची थैली एका टप्प्यापर्यंत धावत आणून जासूद पुढच्याच्या हाती देई आणि स्वतः तिथंच थांबे. रॉकेटचं नेमकं हेच आहे. एलव्हीएम-३ च्या टप्प्यांची नावं एस-२००, एल-११० आणि सी-२५. एस म्हणजे घन इंधन, एल म्हणजे द्रव, सी म्हणजे अतिशीत, आणि पुढचे आकडे म्हणजे किती टन इंधन भरायचं ते. बाजूचे दोन एस-२०० उचलून देतात, पावणेदोन मिनिटांच्या आसपास मधला एल-११० हवेतच पेटतो, मग एस-२०० गळून समुद्रात पडतात. यातल्या एस-२०० च्या घन इंधनामागे जी परंपरा आहे ती उभी करणाऱ्यांत आघाडीचं नाव वसंत गोवारीकरांचं.

उड्डाण बघताना कानावर पडते ती भाषा मात्र अजून पुरती इंग्रजी आहे. पडद्यावर काळ्या पाटीवर एक वक्र रेषा आधीच आखलेली असते, त्या रेषेवरून एक ठिपका वर सरकत असतो. ठिपका रेषेला चिकटून आहे तोवर श्वास सोडायला हरकत नाही. मधूनमधून शांत आवाज येतो, "परफॉर्मन्स नॉर्मल." इस्रोचा हा लाडका शब्द. अमेरिकेत याच ठिकाणी 'नॉमिनल' म्हणतात. त्याचा अर्थ आधी कागदावर नावानिशी नेमून दिलेल्या आकड्याप्रमाणे. मराठी माणसाला नॉमिनल म्हणजे नाममात्र, प्रवेशशुल्क असतं तसं. त्यामुळे अमेरिकन निवेदकाचं 'थ्रस्ट नॉमिनल' ऐकून नवख्या माणसाला वाटतं, रॉकेटचा जोर नाममात्रच आहे, आता पडणार! नॉर्मल बरा.

उलट्या मोजणीचा जन्म तर सिनेमात झाला. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग याच्या १९२९ च्या 'फ्राउ इम मोंड' या मूकपटात रॉकेट सुटण्याआधी आकडे उलटे मोजत शून्यावर आणले, प्रेक्षकाची उत्कंठा वाढावी म्हणून. चित्रपटाचे सल्लागार होते रॉकेटशास्त्राचे एक जनक हेरमान ओबेर्ट. पुढे खऱ्या अभियंत्यांनी ही युक्ती उचलली. तिचा उपयोग मोजण्यापेक्षा थांबण्यासाठी जास्त. चांद्रयान-२ ची मोजणी १५ जुलै २०१९ च्या पहाटे ५६ मिनिटं २४ सेकंद उरले असताना थांबवली आणि यान २२ जुलैला उडालं. गगनयानाच्या चाचणी उड्डाणात २१ ऑक्टोबर २०२३ रोजी तर अवघे पाच सेकंद उरले होते. संगणकानं थांबवलं, दोष शोधला गेला आणि त्याच सकाळी दहाला रॉकेट सुटलं. अशा रद्द झालेल्या उड्डाणाला इंग्रजीत म्हणतात 'स्क्रब', म्हणजे घासून पुसून टाकलं. मराठीत उड्डाण हुकतं, टळतं, लांबणीवर पडतं, आणि फारच झालं तर बारगळतं. या चारांत रागाचे आणि निराशेचे चार वेगवेगळे अंश आहेत. उड्डाणवेड्या माणसाला ते चारही वापरावे लागतात.

आता या तीन क्रियांच्या तराजूत काय झुकतंय ते बघू. गगनयानाच्या चार वैमानिकांची नावं २७ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झाली तेव्हा त्यांच्यासाठी शब्द आला 'गगनयात्री'. त्यांतले शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला अंतराळात गेले आणि १५ जुलैला परतले. बातम्यांत काही ठिकाणी ते अंतराळवीर होते, काही ठिकाणी गगनयात्री. सुनीता विल्यम्स आठवड्याभरासाठी म्हणून गेल्या आणि नऊ महिन्यांनी आल्या, तेव्हाही 'अंतराळवीर सुनीता विल्यम्स परतल्या' असंच छापून आलं. वीर पुल्लिंगी आणि परतल्या स्त्रीलिंगी, अशी शब्दाची थोडी ओढाताण झाली. यात्रीत ती होत नाही. शिवाय वीर जातो तो जिंकायला, त्याच्या परतण्याची हमी कुणी देत नाही. यात्री परत येण्यासाठीच जातो. मला वाटतं, फेकण्याच्या भाषेकडून जाण्यायेण्याच्या भाषेकडे आपण सरकतोय.

त्यामुळे अडचण उभी राहते ती आपल्या लाडक्या बाणाची. सुटलेला बाण आणि बोललेला शब्द परत येत नाही, ही आपली ठाम समजूत. पण डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन-९ रॉकेटचा पहिला टप्पा काम उरकून परत आला आणि पायांवर उभा राहिला. १३ ऑक्टोबर २०२४ ला टेक्सासमध्ये त्याच कंपनीच्या सुमारे ७० मीटर उंच सुपर हेवी टप्प्याला मनोऱ्याच्या दोन बाहूंनी हवेतच झेललं. आपल्याकडे इस्रोनं 'पुष्पक' हे पंखवालं यान २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधून सोडून धावपट्टीवर आपोआप उतरवून दाखवलं. म्हणजे सुटलेला परत येतो. मग अग्निबाण हा शब्द बाद करायचा का?

मुळीच नाही. म्हण विसरली तरी वाल्मीकी विसरले नव्हते. सुग्रीवाला खात्री पटावी म्हणून रामानं सोडलेला बाण सात सालवृक्ष, डोंगर आणि भूमी भेदून पुन्हा भात्यात येतो. रावणाला मारणारा बाणही काम झाल्यावर भात्यात परततो. बाणाच्या या जुन्या स्वभावाची आठवण आपल्या कथेत शाबूत आहे, फक्त बोलीतल्या म्हणीनं ती झाकली.

म्हणून एक सूचना. 'पुनर्वापरयोग्य प्रक्षेपक' असं लिहिणाऱ्याचा कागद संपतो आणि वाचणाऱ्याचा दम. मराठीत परतीचा पाऊस आहे, परतीचं तिकीट आहे, परतीची वाट आहे. तर मग परत येणाऱ्या रॉकेटला 'परतीचा बाण' म्हणायला काय हरकत आहे? बांबूच्या काठीपासून ६४० टनांपर्यंत सगळं या 'बाणा'नं पेललं आहे, परतणंही पेलेल. पुढचं असं उड्डाण होईल तेव्हा बातमी लिहिणाऱ्यानं मथळ्यात एकदा वापरून बघावं. रुळला तर राहील, नाही तर रॉकेट आहेच.